मी बसवलेला चिंध्यादेव

डोंगरात कशाला जाता, असं भोकरदनमध्ये आम्हांला निदान पन्नास जणांनी विचारलं असेल. लाकूड आणत नाही, गवत आणत नाही, नवस फेडायला जात नाही. रविवारी सकाळच्या एस.टी.ने जायचं, दिवसभर दगड तुडवायचे आणि संध्याकाळी पाय दुखवून परत यायचं, हा काय धंदा झाला? आमच्या हेडमास्तरांना तर खात्री होती की आम्हां दोघांना गुप्तधनाचा पत्ता लागलाय. एकदा चहा पाजून त्यांनी मला हळूच विचारलंही. मी म्हटलं, "सापडलं तर तुम्हांला सांगूनच खणू." बिचारे आठ दिवस माझ्याशी फार गोड वागले.

दोघं म्हणजे मी आणि नजीर टेलर. मी भुजंग, शाळेत भूगोलाचा मास्तर. नजीरभाईंचं दुकान शाळेच्या रस्त्यावरच होतं. बायकांची पोलकी, गाद्यांच्या खोळी, पोरांचे सदरे, सगळं शिवायचे. वीस वर्षं सुईच्या नाकात बघून बघून त्यांचे डोळे गेले होते. औरंगाबादच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की आठवड्यातून एक दिवस तरी लांब बघा, हिरवं बघा. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, हिरवं आणायचं कुठून? मी म्हटलं, डोंगरात चला. ते म्हणाले, "चला की, बिलकुल चला." एवढ्यावरच आमचं ठरलं.

अजिंठ्याच्या रांगेचं एक टोक आमच्या तालुक्याच्या उत्तरेला येतं. पायथ्याच्या खडकवाडीला एस.टी. सोडायची. तिथून तासाभराची चढण, वर पठार, पठारावर एक झरा. झऱ्याशी भाकरी खायची, नजीरभाईंनी दुपारचा नमाज पढायचा, मी गवतात आडवं व्हायचं आणि साडेचारच्या एस.टी.ला खाली यायचं. दोन-अडीच वर्षांत चाळीस वेळा तरी गेलो असू. भूगोल मी पुस्तकातून शिकवत होतो, तो पायांनी तिथं शिकलो.

अडचण एकच होती. मला हळू चालवत नाही. कुणाच्या बरोबरीनं चालणं मला जमलंच नाही, माझी बायको कौसल्या आजही तसं बोलून दाखवते. आणि नजीरभाईंना चष्मा लावूनही दहा पावलांपुढचं सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसायचं. रंगांपैकी लाल तेवढा त्यांना लांबून ओळखू यायचा. मग त्यांनीच तोड काढली. गाद्यांच्या खोळीच्या लाल कापडाच्या कतरणी ते खिसाभर आणायचे आणि माझ्या हवाली करायचे. मी पुढं जायचो, वाट फुटेल तिथं, वळायच्या बाजूला, छातीच्या उंचीवर एक कतरण बांधायचो. ते मागून सावकाश यायचे. लाल दिसलं की तिकडं जायचे, आणि नुसतं बघून पुढं जायचे नाहीत, प्रत्येक गाठ हातानं चाचपायचे.

"डोळ्यावर माझा भरोसा न्हाई मास्तर," ते म्हणायचे. "हाताला लागलं का मंग खरं."

आणि गाठ हाताला लागली की मोठ्यानं ओरडायचे, "हां, बराबर!" मी पुढं कुठं तरी असायचो, तिथवर ते ऐकू यायचं. मला वाटतं ते माझ्यासाठीच ओरडत असत, मला मागं वळून बघावं लागू नये म्हणून.

परतीच्या वाटेवर एक जागा फसवी होती. पठार संपतं तिथं सालईचं झाड आहे. झाडाच्या उजवीकडून पायवाट खाली उतरते. डावीकडंही गुरांनी पाडलेली वाट दिसते, पण ती दहा-बारा पावलांवर कड्याशी संपते, आणि कड्याखाली खोल घळ. पंचाहत्तरच्या श्रावणात मी त्या सालईला उजव्या अंगानं लाल कतरण घट्ट बांधली आणि नजीरभाईंना म्हटलं, "ही चुकवायची नाही." ते म्हणाले, "चुकवून जाऊ कुठं?"

दिवाळीच्या सुमारास त्या झाडावर आणखी तीन चिंध्या दिसल्या. एक हिरवी, एक पांढरी, एक चौकड्यांची. नजीरभाईंनी तिन्ही चाचपल्या आणि हसले. "आपल्या दुकानाची जाहिरात झाली मास्तर."

मी मात्र ओळखलं काय झालं ते. आमच्याकडे डोंगरवाटेवर झाडाला चिंधी दिसली की येणारी-जाणारी बाई आपल्या लुगड्याची एक चिंधी फाडून तिथं बांधते. अंगाचा शीण, गुडघ्याची कळ, लेकराचा ताप, सगळं त्या चिंधीबरोबर झाडाला राहतं अशी समजूत. त्याला म्हणायचं चिंध्यादेव. पहिली चिंधी कुणी बांधली हे कुणी विचारत नाही. खडकवाडीच्या बायकांनी आमची कतरण पाहिली आणि त्यांना वाटलं, इथं देव आहे. पौष उजाडेपर्यंत झाड भरून गेलं. बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड आला, नारळाच्या करवंट्या आल्या.

मी चरफडलो. माझ्या वडिलांनी छप्पन साली धर्म बदलला आणि देव्हाऱ्यातले देव केळना नदीच्या डोहात सोडले, तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. त्या दिवशी घर किती मोकळं वाटलं ते मला अजून आठवतं. आणि त्याच घरातल्या मुलानं स्वतःच्या हातानं नवा देव बसवला होता!

"राहू द्या मास्तर," नजीरभाई म्हणाले. "लाल आपली, बाकीच्या त्यांच्या. मला तर अजून लांबून दिसतं झाड."

मला राग येतो तेव्हा समजावणाऱ्याचाही येतो. 

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. चढताना झाडापाशी चांगुणाबाई भेटली. खडकवाडीची म्हातारी, मोळीसाठी आलेली. तिच्या लुगड्याला ठिगळाला ठिगळ होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं पदराचा काठ दातात धरला आणि टर्रकन एक पट्टी फाडली.

"अहो आजी," मी ओरडलोच, "अंगावर धड कपडा न्हाई अन् फाडून काय राह्यल्या?"

"तुम्हाला काय कळतं मास्तर," ती गाठ मारत म्हणाली. "गुडघ्याला लई आराम हाय बघा."

मी आणखी बोलणार होतो, पण नजीरभाईंनी माझा दंड दाबला. "आजी, दुकानावर या बाजारच्या दिवशी," ते म्हणाले. "पदराला काठ लावून देतो. तुमच्याकडून काय घ्यायचं न्हाई."

"येते बाबा, तुझं भलं होईल," म्हातारी म्हणाली.

दिवसभर माझ्या डोक्यातून ती फाटलेली पट्टी गेली नाही. झऱ्याशी नजीरभाईंच्या बायकोनं, बदरुन्निसाभाभींनी, दिलेल्या भाकरी आम्ही खाल्ल्या, वांग्याची भाजी खाल्ली, आणि मी सारखा बोलत होतो. दुष्काळात खडी फोडताना या बायकांच्या अंगावर चिंध्या होत्या, आता कुठं चार धडुती आलीत तर ती झाडाला घालतात, असं बरंच. नजीरभाई ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, तिच्या गुडघ्याला आराम पडला ना? मंग झालं." त्यांनी झऱ्यावर हातपाय धुऊन वजू केली आणि नमाजाला उभे राहिले. साडेतीनला मी नेहमीसारखा पुढं निघालो. एस.टी. थांबवून धरणं हे माझं काम होतं.

सालईपाशी आलो आणि माझं डोकं फिरलं. कारण शोधलं तर सापडणार नाही. तीच चांगुणाबाईची पट्टी सगळ्यांत वर फडफडत होती. मी ती ओढली. मग दुसरी, मग तिसरी, मग फाडतच सुटलो. गाठी नखांनी सोडवल्या, सुटल्या नाहीत त्या दातांनी तोडल्या. शेंदराचा दगड लाथाडला. सगळ्या चिंध्यांचा बोळा केला आणि कड्यावर जाऊन खाली भिरकावला. खूप बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, खरंच बरं वाटलं.

वारा घळीतून वर येत होता. बोळा उलगडला, बराचसा खाली गेला, आणि उरलेल्या चिंध्या वाऱ्यानं परत फेकल्या. कड्याच्या अगदी ओठावर एक बोर आहे, तिच्या काट्यांत त्या अडकल्या. त्यांत आमची लालही होती. मी ते पाहिलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं कित्येक महिने मी स्वतःला सांगत होतो की मी पाहिलं नव्हतं.

झाडाला नवी कतरण बांधायला खिशात हात घातला. खिसा रिकामा. शेवटची सकाळी झऱ्याजवळ बांधली होती. मला तिथंच थांबता आलं असतं. पण एस.टी.ची वेळ होत आली होती, आणि चाळीस वेळा तुडवलेली वाट, नजीरभाई काय आता चुकतात? शिवाय खरं सांगायचं तर, ते येऊन मऊ आवाजात "मास्तर, हे काय केलं?" म्हणतील, त्याला मला सामोरं जायचं नव्हतं. मी उतरलो.

एस.टी. आली. कंडक्टर ओळखीचा, दहा मिनिटं थांबला. आतली माणसं ओरडायला लागली. मी म्हटलं, आलेच, आता येतील. पायवाटेच्या तोंडाशी कान लावून उभा होतो. सगळ्यांत खालच्या वळणावर, लिंबाच्या झाडाला, शेवटची कतरण होती. तिथून "हां, बराबर!" आलं की पाच मिनिटांत माणूस दिसायचा. एस.टी. गेली. मग मी धावत वर गेलो. सालईपर्यंत गेलो, हाका मारल्या, झऱ्यापर्यंत गेलो. डबा आवरून ते निघालेले होते. जागा स्वच्छ होती.

कड्याकडे मी गेलो नाही. लांबून पाहिलं. बोरीवर लाल दिसत नव्हतं.

अंधार पडला तसे खडकवाडीचे लोक कंदील घेऊन फिरले, पण हाती काही लागलं नाही. उजाडल्यावर गावचा कडूबा गुराखी शेळ्या घेऊन घळीच्या तोंडाशी गेला आणि त्यानंच पहिली बोंब ठोकली. आम्ही खालून वाट काढत पोचलो. नजीरभाई दगडांत कुशीवर पडले होते, झोपल्यासारखे म्हणावं तर मान तशी नव्हती. अंगावर काट्यांचे ओरखडे होते. आणि उजव्या मुठीत लाल चिंधी होती, घट्ट.

मला त्या क्षणी सगळं दिसलं. ते सालईपाशी आले असतील. झाड त्यांना नुसतं धूसर दिसलं असेल, त्यावर लाल नाही. मग डावीकडं बघितलं असेल, आणि दहा पावलांवर लाल. मास्तरनं बांधलीय म्हणजे वाट तिकडं. सावकाश गेले असतील, आणि नेहमीसारखा हात पुढं केला असेल, गाठ चाचपायला. हाताला लागली तेव्हा "बराबर" म्हणाले असतील का, हा विचार मी करत नाही. म्हणजे रोज करतो.

पोलीस पाटील तातेराव पंचनाम्याला होते. वरून कुणी तरी ओरडत आलं की देवाच्या झाडावर एकही चिंधी राहिलेली नाही. चांगुणाबाई गर्दीतून पुढं आली, तिनं ती मूठ पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"देवाच्या हायेत ह्या! यानंच काढल्या! अन् देवानं लगेच दाखिवलं बघा!"

तातेरावांनी माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तुम्ही सोबत आल्ते ना? काय झालं?"

 खडकवाडीत आमच्या समाजाची पंधरा घरं, गावाच्या खालच्या अंगाला. मी फाडल्या असं म्हटलं असतं तर त्या घरांना विहिरीवर, रानात काय ऐकावं लागलं असतं, हे मला कळत होतं. हे कारण खरं आहे. पण ते मला नंतर सुचलं. त्या वेळी मी फक्त घाबरलो होतो.

"मी पुढं आल्तो," मी म्हणालो. "मला माहीत न्हाई."

तातेरावांनी 'पाय घसरून' असं लिहून घेतलं. लोकांनी मात्र आपलं वेगळं लिहिलं. भोकरदनला ते दोन बाजारांत पोचलं. टेलरनं देवाच्या चिंध्या काढल्या. मग, गाद्यांत भरायला काढल्या. मग, तो दर रविवारी डोंगरात जायचा तो त्यासाठीच. हेडमास्तरांनीसुद्धा मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हांला खरंच काही ठाऊक नव्हतं?" दुकानात आता मशीनवर बदरुन्निसाभाभी बसत होत्या. त्यांचा हात नजीरभाईंपेक्षाही सफाईचा, पण बायका पोलकी टाकायच्या बंद झाल्या. कुणी भांडलं नाही, कुणी दगड मारला नाही. नुसतं कापड दुसरीकडं जायला लागलं. मी रोज शाळेत जाताना तिथून जायचो. काही दिवसांनी मागच्या गल्लीतून जायला लागलो.

श्रावणात भाभींनी मला बोलावलं. दुकानात मशीन झाकून ठेवलेलं होतं.

"भाईजान," त्या म्हणाल्या, "मला खर्चापाण्याचं काय बोलायचं न्हाई. ते माझं मी बघून घेते. पर लोक त्यांना चोर म्हणून राह्यले. कुणाच्या देवाला हात लावणारा माणूस न्हवता तो. तुम्हाला तर सगळं माहीत हाय. तुम्ही सोबत होते. एकदा सांगा लोकांना."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"येत्या रविवारी."

रविवारी मी एकटा चढलो. सहा महिन्यांत त्या वाटेवर पाय टाकला नव्हता. आमच्या कतरणी उन्हानं विटून गुलाबी झाल्या होत्या. सालईभोवती आता दगडांचा ओटा होता आणि झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चिंध्यांनी झाकलं होतं. जीव घेणारा देव म्हटल्यावर लांबलांबून माणसं यायला लागली होती. तीस-चाळीस जण असतील. तातेराव होते, चांगुणाबाई ओट्यावर नारळ फोडत होती. मी ओट्यावर चढलो आणि वर्गात बोलतो तसं मोठ्यानं बोललो.

"ऐका. त्या दिवशी चिंध्या नजीर टेलरनं फाडल्या न्हाईत. मी फाडल्या. पहिली चिंधीही मीच बांधली होती, वाटेची खूण म्हणून. इथं देव-बिव काही नव्हता. मी फाडून कड्यावरून फेकल्या, एक बोरीला अडकली, ती खूण समजून तो तिकडं गेला. त्याचा काही गुन्हा न्हाई. गुन्हा माझा आहे."

मी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, आता मारतील. खरं तर मारावं असंच वाटत होतं.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर चांगुणाबाई माझ्याकडं मायेनं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"किती जीव लावला हो मास्तर दोस्ताला," ती म्हणाली. "त्याच्यापायी देवासमोर खोटं बोलून राह्यले."

"खोटं न्हाई आजी! मी फाडल्या, ह्या हातांनी!"

"तुम्ही फाडल्या असत्या," ती शांतपणे म्हणाली, "तर देवानं तुम्हाला नेलं असतं. तुम्ही तर जित्ते हायेत."

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या.   तातेराव पुढं आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोस्ती असावी तर अशी." कुणी तरी माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

पुरावा द्यायचा तर एकच होता. पुन्हा एक चिंधी फाडायची, सगळ्यांसमोर, आणि जिवंत राहून दाखवायचं. मी हात वर केला. एक लाल चिंधी बोटांना लागली. ती ओढवली नाही. त्या वेळी मी म्हटलं असतं की भीती माणसांची होती, देवाची नव्हे. आता नक्की सांगता येत नाही. मी हात खाली घेतला, आणि लोकांना वाटलं मी झाडाला हात लावून नमस्कार केला.

परतीच्या एस.टी.नं थेट दुकानावर गेलो. भाभी वाट बघत दारातच उभ्या होत्या.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"मंग?"

"मानलं न्हाई कुणी. मी म्हणालो, त्यांनी न्हाई, मी फाडल्या. मीच फाडल्या होत्या, भाभी."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून रडल्या. जनाजा उठला तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

"आपल्या माथ्यावर घेतलं तुम्ही," त्या म्हणाल्या. "सख्खा भाऊ करत न्हाई एवढं."

"भाभी, मी खरंच..."

"बस. माझ्यासमोर तर नका बोलू असं. मला माहीत न्हाई का तुम्ही काय होते त्यांचे?" त्यांनी डोळे पुसले. "घरातून निघताना मी दर वेळेला म्हणायची, सांभाळून जा, दिसत न्हाई तुम्हाला. तर म्हणायचे, मास्तर पुढं हाय. मास्तर पुढं असला का मला रस्त्याची फिकीर न्हाई."

त्या आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मशीनवरचं फडकं मी उगाच सारखं केलं. खाली खोक्यात लाल कापडाच्या कतरणी होत्या, पट्ट्या कापून, नीट घडी घालून ठेवलेल्या. पुढच्या रविवारच्या असाव्यात.

भाभींनी कपबशी आणून माझ्यासमोर ठेवली. पुन्हा एकदा सांगायला मी तोंड उघडलं, आणि चहा प्यालो.